द्रावण दुप्पट घेतले, तरी तापमानवाढ तेवढीच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : १ मोलर (म्हणजे लिटरला एक मोल पदार्थ असलेले) हायड्रोक्लोरिक आम्लाचे १०० मिलिलीटर द्रावण आणि १ मोलर सोडिअम हायड्रॉक्साइडचे १०० मिलिलीटर द्रावण एकत्र केले, तेव्हा तापमान साधारण साडेसहा अंशांनी वाढले. दोन्ही द्रावणे दुप्पट घेतली तर उष्णता दुप्पट निर्माण होईल आणि तापमान तेरा अंशांनी वाढेल, अशी तुमची अपेक्षा होती, पण वाढ पुन्हा साडेसहा अंशच आली. त्यापुढे तुम्ही आणखी दोन गोष्टी विचारल्या आहेत. अशा गणितांत नेमके कोणत्या पदार्थाचे मोल धरायचे, आणि घरगुती गॅससारख्या, किलोग्रॅममध्ये मोजल्या जाणाऱ्या इंधनाची ऊर्जा याच रीतीने काढता येते का?

तुमच्या अपेक्षेचा पहिला भाग अगदी बरोबर आहे. उष्णता खरोखरच दुप्पट निर्माण झाली. चूक आहे ती उष्णता आणि तापमान यांना एकच राशी धरण्यात. तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी यांच्या उदासिनीकरणात एक मोल पाणी तयार होताना सुमारे ५७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. पहिल्या वेळी दोन्ही द्रावणांत प्रत्येकी ०.१ मोल पदार्थ होता, म्हणून ५.७ किलोज्यूल, म्हणजे ५७०० ज्यूल उष्णता निर्माण झाली आणि ती सुमारे २०० ग्रॅम द्रावणात पसरली. विरल द्रावणाची विशिष्ट उष्माधारकता पाण्याइतकीच, म्हणजे दर ग्रॅमला दर अंशाला ४.१८ ज्यूल धरली, तर २०० ग्रॅम द्रावण एका अंशाने तापवण्यास ८३६ ज्यूल लागतात, आणि ५७०० ला ८३६ ने भागल्यावर ६.८ अंश हे उत्तर येते. दुसऱ्या वेळी ०.२ मोल पदार्थाची अभिक्रिया झाली आणि ११,४०० ज्यूल उष्णता निर्माण झाली, परंतु तापवायचे द्रावणही ४०० ग्रॅम होते आणि त्याला दर अंशाला १६७२ ज्यूल लागणार होते. अंश आणि छेद दोन्ही दुप्पट झाल्यामुळे भागाकार बदलला नाही. तुमच्या तापमापीवर ६.८ ऐवजी साडेसहाच्या आसपास वाचन येण्याचे कारण एवढेच की थोडी उष्णता पेल्याने, तापमापीने आणि भोवतालच्या हवेने घेतली.

तेरा अंशांची वाढ पाहायची असेल, तर द्रावणांचे आकारमान तेवढेच ठेवून त्यांची संहती दुप्पट करावी लागेल. २ मोलर द्रावणे प्रत्येकी १०० मिलिलीटर घेतली की ११,४०० ज्यूल उष्णता २०० ग्रॅम द्रावणात येते आणि हिशेबाने १३.६ अंशांची वाढ मिळते. (२ मोलर सोडिअम हायड्रॉक्साइड कातडीला आणि विशेषतः डोळ्यांना इजा करते, म्हणून हा प्रयोग शिक्षकांसमोर आणि डोळ्यांवर चष्मा लावूनच करावा.) अभिक्रिया किती मोलांची झाली यावर उष्णता ठरते, आणि ती उष्णता किती वस्तुमानात वाटली गेली यावर तापमानवाढ ठरते. या प्रकारची बहुतेक गणिते ज्या ठिकाणी चुकतात, ते ठिकाण हेच आहे, म्हणून मी यावर थोडा जास्त वेळ घेत आहे.

आता आकारमाने असमान घेऊन पाहू. १ मोलर आम्ल १०० मिलिलीटर आणि १ मोलर आम्लारी केवळ ५० मिलिलीटर घेतली, तर आम्लारीचे ०.०५ मोल संपले की अभिक्रिया थांबते, मग उरलेले आम्ल कितीही असो. निर्माण होणारी उष्णता २८५० ज्यूल, द्रावण १५० ग्रॅम, आणि वाढ सुमारे साडेचार अंश. उलट आम्लारी १५० मिलिलीटर घेतली, तर आम्लाचे ०.१ मोल आधी संपतात. उष्णता ५७०० ज्यूलच राहते, पण तापवायचे द्रावण २५० ग्रॅम असल्यामुळे वाढ साडेपाच अंशांपाशी थांबते. जादा घातलेल्या आम्लारीने येथे उष्णतेत काहीच भर घातली नाही. उलट ते द्रावणही तापवावे लागल्याने तापमान मात्र खाली आणले. जो पदार्थ आधी संपतो त्याला मर्यादक अभिकारक म्हणतात, आणि मोल कोणाचे धरायचे या तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी आहे. समीकरणातील सहगुणक लक्षात घेऊन आधी कोण संपतो ते शोधायचे आणि त्याच्याच मोलांवरून उष्णता काढायची.

हे नुसते वाचण्यापेक्षा आलेखावर पाहिले तर मनात पक्के बसते. एकूण आकारमान २०० मिलिलीटर कायम ठेवून आम्लाचे प्रमाण २० मिलिलीटरपासून १८० मिलिलीटरपर्यंत वाढवत जा, उरलेला भाग आम्लारीने भरा आणि प्रत्येक वेळची तापमानवाढ मांडा. आलेखाची रेषा सरळ वर चढते, १०० मिलिलीटरपाशी शिखर गाठते आणि तितक्याच उताराने खाली येते, कारण शिखराच्या डावीकडे आम्ल आधी संपते, उजवीकडे आम्लारी, आणि शिखरावर दोन्ही एकाच वेळी संपतात. हायड्रोक्लोरिक आम्लाऐवजी १ मोलर सल्फ्युरिक आम्ल घेतले, तर शिखर १०० वर राहत नाही. ते सुमारे ६७ मिलिलीटर आम्ल आणि १३३ मिलिलीटर आम्लारी या ठिकाणी सरकते आणि उंचीही सुमारे नऊ अंशांपर्यंत जाते, कारण या आम्लाच्या एका मोलाला आम्लारीचे दोन मोल लागतात. समीकरणातला तो २ चा सहगुणक आपल्याला तापमापीने दाखवता येतो. शालेय रसायनशास्त्रात असे प्रयोग फार थोडे आहेत, आणि म्हणून हा प्रयोग प्रत्येक प्रयोगशाळेत व्हावा असे मला मनापासून वाटते.

मर्यादक अभिकारक ओळखण्यात होणारी चूक उत्तरावर किती परिणाम करते, हे जस्त आणि मोरचूद (कॉपर सल्फेट) यांच्या प्रयोगात अधिक स्पष्ट दिसते. थर्माकोलच्या पेल्यात ०.२ मोलर मोरचुदाचे ५० मिलिलीटर द्रावण घ्यावे, पेला हलू नये म्हणून तो काचेच्या चंचुपात्रात बसवावा आणि दर अर्ध्या मिनिटाला तापमान नोंदवावे. पहिली अडीच मिनिटे वाचन स्थिर राहील, आणि ते तसे राहणेच आवश्यक आहे, कारण द्रावण आणि खोली एकाच तापमानाला आहेत याची ती खूण असते. तिसऱ्या मिनिटाला वाचन न घेता सुमारे दीड ग्रॅम जस्ताची पूड टाकावी आणि ढवळत राहावे. द्रावणाचा निळा रंग फिकट होत जातो, तळाशी तांबूस तपकिरी तांबे साचू लागते आणि तापमान दोन-तीन मिनिटे चढत राहते. कमाल वाचन आल्यानंतरही आणखी पाच-सहा मिनिटे नोंदी चालू ठेवाव्यात. हा शेवटचा भाग विद्यार्थी बहुधा सोडून देतात आणि तेथेच नेमकेपणा हातचा जातो. अभिक्रिया चालू असतानाच पेला थोडी उष्णता गमावत असतो, म्हणून दिसलेले कमाल तापमान खऱ्यापेक्षा कमी असते. थंड होतानाची सरळ रेषा आलेखावर मागे, तिसऱ्या मिनिटापर्यंत वाढवली, की उष्णता मुळीच गमावली गेली नसती तर तापमान कोठे पोहोचले असते याचा चांगला अंदाज मिळतो.

या अभिक्रियेत दर मोलाला सुमारे २१९ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. द्रावणात मोरचूद आहे ०.०१ मोल, म्हणजे उष्णता सुमारे २१९० ज्यूल. ५० ग्रॅम द्रावणाला दर अंशाला २०९ ज्यूल लागतात. म्हणून वाढ सुमारे साडेदहा अंश अपेक्षित आहे. ०.०१ मोल मोरचुदासाठी जस्त लागते केवळ ०.६५ ग्रॅम. आपण दीड ग्रॅम टाकले ते मोरचूद पूर्ण संपावे म्हणून. जस्त तीन ग्रॅम टाकले तरी तापमान आणखी वाढणार नाही. आता कोणी वजनकाट्यावर दिसलेले दीड ग्रॅमच हिशेबात घेतले, तर त्याचे ०.०२३ मोल होतात आणि दर मोलाची उष्णता २१९ ऐवजी सुमारे ९५ किलोज्यूल येते. वाचन अचूक, भागाकार अचूक, तरीही उत्तर निम्म्याहून कमी. याच प्रयोगात आणखी एक घोटाळा नेहमी होतो : उष्णतेच्या सूत्रातील वस्तुमानाच्या जागी जस्ताचे वस्तुमान लिहिले जाते. सूत्रात वस्तुमान येते ते तापणाऱ्या द्रावणाचे, आणि मोल येतात ते अभिक्रियेत संपणाऱ्या पदार्थाचे.

चिन्हाविषयी थोडक्यात सांगतो. तापमान वाढले म्हणजे द्रावणाला उष्णता मिळाली, आणि ती अभिक्रिया करणाऱ्या पदार्थांनी दिली. म्हणून उष्मादायी अभिक्रियेचा एन्थाल्पी बदल (म्हणजे स्थिर दाबाला पदार्थांनी घेतलेली उष्णता) ऋण लिहितात. तापमान उतरले तर याच्या उलट. १०० मिलिलीटर पाण्यात १० ग्रॅम नवसागर (अमोनिअम क्लोराइड) विरघळवून पाहा. नवसागर विरघळताना दर मोलाला सुमारे १४.८ किलोज्यूल उष्णता शोषली जाते, १० ग्रॅममध्ये ०.१८७ मोल असतात, आणि हिशेबाने तापमान सुमारे सहा अंशांनी खाली येते. येथे एन्थाल्पी बदल धन आहे. आधी तापमापीकडे पाहून चिन्ह ठरवावे आणि मगच आकडा लिहावा. शेवटी चिन्ह आठवून लावण्याची सवय बहुतेकांना अडचणीत आणते.

चिन्हापेक्षा खोल रुजलेला गैरसमज बंधांविषयीचा आहे. बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते, असे अनेक चांगल्या विद्यार्थ्यांनाही वाटते, आणि जीवशास्त्रात पेशींमधील ऊर्जेविषयी जी भाषा वापरली जाते तिने तो समज आणखी घट्ट होतो. वस्तुस्थिती उलट आहे. बंध तोडायला नेहमी ऊर्जा द्यावी लागते आणि बंध जुळताना ती बाहेर पडते. हायड्रोजन आणि क्लोरीन यांचे उदाहरण घ्या. एक मोल हायड्रोजनमधील बंध तोडण्यास ४३६ किलोज्यूल आणि एक मोल क्लोरीनमधील बंध तोडण्यास २४२ किलोज्यूल, असे एकूण ६७८ किलोज्यूल खर्ची पडतात. त्यातून हायड्रोजन क्लोराइडचे दोन मोल तयार होतात आणि प्रत्येकी ४३१ प्रमाणे ८६२ किलोज्यूल परत मिळतात. फरक १८४ किलोज्यूल, आणि तो बाहेर पडतो. येथेच विचारावे लागते, की हे १८४ कशाच्या दर मोलाला? ते हायड्रोजनच्या एका मोलाला आहेत. हायड्रोजन क्लोराइडच्या एका मोलाला ९२ आहेत. दोन्ही आकडे खरे आहेत. ‘दर मोलाला’ एवढेच लिहून पुढे न सांगितलेला आकडा मात्र अपुरा आहे, आणि परीक्षेत मी त्याला पूर्ण गुण देत नाही.

आता राशींचा आणि ऊर्जेचा हिशेब हातात हात घालून कसा चालतो, हे पाहण्यासाठी चुन्यासारखे दुसरे उदाहरण नाही. भट्टीत चुनखडी तापवली की चुनकळी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. १०० किलोग्रॅम शुद्ध चुनखडीपासून ५६ किलोग्रॅम चुनकळी मिळते आणि ४४ किलोग्रॅम वायू हवेत जातो. ही अभिक्रिया उष्माग्राही आहे आणि तिला दर मोलाला सुमारे १७८ किलोज्यूल द्यावे लागतात. एक किलोग्रॅम चुनकळी म्हणजे सुमारे १७.९ मोल, म्हणून तिच्यासाठी सुमारे ३१८० किलोज्यूल लागतात. कार्बन पूर्ण जळताना दर मोलाला, म्हणजे दर १२ ग्रॅमला, ३९३.५ किलोज्यूल मिळतात. तेव्हा उष्णता कोठेही वाया गेली नाही असे मानले, तर सुमारे ९७ ग्रॅम कार्बन पुरेल. खऱ्या भट्टीत याहून बराच जास्त कोळसा लागतो, कारण दगड आधी ९०० अंशांच्या आसपास तापवावा लागतो आणि धुरातून व भिंतींतून उष्णता निघून जाते.

हीच चुनकळी घर रंगवण्यासाठी पाण्यात विरवताना काय होते ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पाणी कसे खदखदते हे सांगायला नको. येथे दर मोलाला सुमारे ६५ किलोज्यूल, म्हणजे एका किलोग्रॅमला सुमारे ११६० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. अभिक्रियेला लागणारे पाणी जेमतेम ३२० ग्रॅम आहे. पाणी दोन लिटरच घातले, तर ते ३० अंशांवरून उकळायला लागेपर्यंत सुमारे ६०० किलोज्यूल खर्च होतात, आणि उरलेल्या उष्णतेने पाव किलोग्रॅम पाण्याची वाफ होऊ शकते. दहा लिटर पाणी घेतले तर तेवढ्याच उष्णतेने तापमान सत्तावीस-अठ्ठावीस अंशांनी वाढते आणि उकळी फुटत नाही. चुनकळी तेवढीच, उष्णता तेवढीच, फरक केवळ ती वाटून घेणाऱ्या पाण्याचा. तुमच्या प्रयोगातले तत्त्व येथे सुरक्षिततेचा नियम होऊन उभे राहते : पिंप मोठे घ्यावे, पाणी भरपूर घ्यावे, चुनकळी थोडी थोडी टाकावी, आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये, कारण चुन्याचा उडालेला थेंब डोळ्याला कायमची इजा करू शकतो.

भिंतीवर लावलेला चुना पुढे हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा कॅल्शिअम कार्बोनेट होतो आणि टणक बनतो. या संथ अभिक्रियेत दर मोलाला सुमारे ११३ किलोज्यूल बाहेर पडतात. ती इतक्या हळू चालते की भिंत गरम झाल्याचे कोणाला जाणवत नाही. आता ६५ आणि ११३ यांची बेरीज करा. ती १७८ येते, म्हणजे भट्टीत घातलेली उष्णता तंतोतंत परत मिळते. हे योगायोगाने झालेले नाही. जिनिव्हात जन्मलेल्या आणि सेंट पीटर्सबर्ग येथे काम केलेल्या जर्मेन हेस यांनी १८४० मध्ये हाच नियम मांडला, की अभिक्रिया एका टप्प्यात होवो वा अनेक टप्प्यांत, एकूण उष्णता बदलत नाही. त्यांनी सल्फ्युरिक आम्लात निरनिराळ्या प्रमाणात पाणी मिसळून आणि नंतर त्याचे अमोनियाने उदासिनीकरण करून दोन्ही टप्प्यांची उष्णता मोजली होती, आणि बेरीज दर वेळी सारखीच येत होती. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तेव्हा सर्वमान्य झालेला नव्हता, हे ध्यानात घेतले की या मोजमापांचे मोल कळते. ज्या अभिक्रियेची उष्णता थेट मोजता येत नाही, जसे की वर्षानुवर्षे चालणारे भिंतीतील चुन्याचे घट्ट होणे, तिची उष्णता आपण आज याच नियमाने काढतो.

शेवटी तुमचा गॅस सिलिंडरचा प्रश्न. होय, रीत तीच आहे, मात्र एक पायरी वाढते. स्वयंपाकाचा गॅस मुख्यतः ब्युटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असतो. पूर्ण ज्वलनात ब्युटेनपासून दर मोलाला सुमारे २८७८ आणि प्रोपेनपासून सुमारे २२२० किलोज्यूल मिळतात. हे आकडे पाहून ब्युटेन बरेच सरस वाटते. परंतु ब्युटेनचा एक मोल ५८ ग्रॅमचा आणि प्रोपेनचा ४४ ग्रॅमचा असल्याने, भागाकार केला की दर ग्रॅमला अनुक्रमे ४९.६ आणि ५०.५ किलोज्यूल येतात. वजनाने विकत घेणाऱ्याला दोन्ही जवळजवळ सारखेच. शिवाय हे आकडे ज्वलनातले पाणी द्रवरूपात आले असे मानून दिलेले असतात. शेगडीवर ते वाफ होऊन निघून जाते, आणि दर मोल पाण्यामागे ४४ किलोज्यूल सोबत नेते. ब्युटेनच्या एका मोलापासून पाण्याचे पाच मोल होतात, म्हणून २२० किलोज्यूल वजा करून २६५८, म्हणजे दर ग्रॅमला सुमारे ४५.८ किलोज्यूल हाती राहतात. समीकरणात पदार्थाची अवस्था लिहिण्याचा आग्रह शिक्षक का धरतात, ते या वजाबाकीवरून समजते. १४.२ किलोग्रॅमच्या सिलिंडरमधून अशा रीतीने सुमारे साडेसहा लाख किलोज्यूल मिळू शकतात.

एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणण्यास सुमारे ३१४ किलोज्यूल लागतात. शेगडीची कार्यक्षमता ६८ टक्के धरली (भारतीय मानकाने घरगुती शेगडीसाठी ठरवलेली किमान मर्यादा तेवढी आहे), तर सुमारे १० ग्रॅम गॅस जळेल. ब्युटेनचे दोन मोल जाळायला ऑक्सिजनचे तेरा मोल लागतात, म्हणजे या १० ग्रॅमला सुमारे ३६ ग्रॅम ऑक्सिजन हवा, आणि तो मिळवण्यासाठी सुमारे १३० लिटर हवा ज्योतीपर्यंत पोहोचली पाहिजे. खिडकी बंद असलेल्या लहान स्नानगृहात गॅस गीझर चालू राहिला, की काही वेळाने गॅसऐवजी ऑक्सिजन मर्यादक अभिकारक ठरतो. मग कार्बनचा काही भाग कार्बन डायऑक्साइडपर्यंत न पोहोचता कार्बन मोनॉक्साइडपाशीच थांबतो. अशा प्रत्येक मोल कार्बनमागे ३९३.५ ऐवजी केवळ ११०.५ किलोज्यूल मिळतात, आणि उरलेली २८३ किलोज्यूल ऊर्जा त्या रंगहीन, गंधहीन विषारी वायूतच साठून खोलीत पसरते.